‘फुलमेटल अल्केमिस्ट’ वाचायला घेताना: नवख्या वाचकांसाठी वाटाड्या

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ कुठून सुरू करायची, आधी ॲनिमे (म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका) बघायचा की मूळ मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) वाचायची, आणि मुळात ही मालिका हसवणारी आहे की रडवणारी, हे तीन प्रश्न नवीन वाचक हमखास विचारतात. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. ही मालिका हसवते आणि रडवतेही, आणि कितीदा तरी एकाच पानावर. यातल्या विनोदामुळे माणसांचा लळा लागतो, आणि लळा लागल्यामुळेच पुढचे घाव खोल बसतात. तेव्हा विनोदाची पानं भरभर उलटायची नाहीत, एवढं एक मनात धरून पुढचं वाचा.

हिरोमु अराकावा या लेखिका-चित्रकर्तीची ही मालिका जपानच्या ‘मंथली शोनेन गांगान’ या मासिकात २००१ ते २०१० अशी क्रमशः आली. १०८ प्रकरणं, २७ खंड, आणि गोष्ट पूर्ण झालेली. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मांगाच्या जगात वर्षानुवर्षं चालणाऱ्या, मध्येच थांबणाऱ्या, शेवट लांबवत नेणाऱ्या मालिका खूप. इथे मात्र पहिल्या खंडात पेरलेलं शेवटच्या खंडात उगवतं. शोगाकुकान मांगा पुरस्कार तिला मिळाला, आणि मालिका संपल्यावर २०११ साली विज्ञानकथांसाठीचा सेइउन पुरस्कारही.

आधी आवृत्ती ठरवा

आपल्याकडे ही मालिका बहुतेक जण इंग्रजीतून वाचतात. विझ मीडिया या प्रकाशनसंस्थेने ती तीन रूपांत काढली आहे. एक, सुटे २७ खंड. दोन, तीन खंड एकत्र बांधलेली ९ जाडजूड पुस्तकं. तीन, मोठ्या आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची १८ पुस्तकांची देखणी आवृत्ती.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने तीन-एकत्र आवृत्तीचं फक्त पहिलं पुस्तक घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात पहिली १२ प्रकरणं येतात. सुटा पहिला खंड घेतला तर चार प्रकरणांत तो संपतो, आणि तेवढ्यावरून ‘दोन भावांच्या मजेशीर साहसकथा’ असा समज होऊन बसतो. मालिकेचा खरा स्वभाव पाचव्या प्रकरणात कळतो. बाराव्या प्रकरणापर्यंत गेल्यावर ही आपली गोष्ट आहे की नाही, ते तुमचं तुम्हाला समजेल. जाड पुस्तकाची एक अडचण आहे. दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या शिवणीत थोडं गिळलं जातं. तरी पुस्तक उलटं दुमडून पाठ मोडू नका, पानं सुटतात. पुठ्ठ्याची आवृत्ती चित्रांसाठी उत्तमच, पण ती लोकलमध्ये उभ्याने वाचायची वस्तू नव्हे. मालिका आवडली की मग कपाटासाठी घ्या.

टॅबलेटवर अधिकृत डिजिटल प्रत वाचायलाही हरकत नाही. फोनवर मात्र नको. छोट्या चौकटींमध्ये कोपऱ्यात कोणीतरी काहीतरी करत असतं, आणि ते हमखास निसटतं. चोरून चढवलेल्या स्कॅनच्या वाटेला जाऊ नका. काही मिळवायचं तर त्याच्या तोलाचं काही द्यावं लागतं, याच नियमावर उभी असलेली मालिका तरी मोबदला देऊन वाचावी. सगळे खंड एकट्याने घेणं जड जात असेल तर दोघा-तिघा मित्रांनी मिळून घ्या, किंवा वाचनालयाला मागणी द्या.

पानं उजवीकडून

मांगा पहिल्यांदाच हातात घेत असाल तर ही सवय आधी करा. आपण ज्याला पुस्तकाची मागची बाजू म्हणतो, तिथून सुरुवात होते. पानावर वरच्या ओळीतली सर्वांत उजवी चौकट आधी, मग डावीकडे, मग खालची ओळ पुन्हा उजवीकडून. एका चौकटीत संवादाचे दोन फुगे असतील तर उजव्या फुग्यातलं वाक्य आधी बोललेलं असतं. हा क्रम चुकला की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं होतं आणि विनोद तर पारच बुडतो. पहिली वीसेक पानं मुद्दाम सावकाश वाचली की डोळ्यांना वळण लागतं, मग त्याकडे लक्षही जात नाही.

अराकावा यांची मांडणी नवशिक्यांना फार सोयीची आहे. चौकटी बहुतेक सरळ, ठळक रेषांच्या. मारामारीतही कोण कुठे उभं आहे आणि कोणाचा हात कुठून आला, ते नीट दिसतं. दुसऱ्या काही मालिकांत वेगाच्या रेषांमध्ये माणूसच हरवतो, तसं इथे होत नाही.

एवढी पार्श्वभूमी पुरे

अमेस्ट्रिस नावाचा एक काल्पनिक देश. औद्योगिक क्रांतीनंतरच्या युरोपसारखा: आगगाड्या, तारांचे टेलिफोन, लष्करी गणवेश, आणि सत्ता लष्कराच्या हातात. या देशात किमया हे शास्त्र आहे. वस्तू कशाची बनली आहे ते समजून घ्यायचं, तिचे घटक सुटे करायचे आणि त्यांतून नवी वस्तू घडवायची. त्यासाठी एक वर्तुळ काढायचं. जेवढं घालाल तेवढंच निघेल, शून्यातून काही येणार नाही. आणि एक गोष्ट पूर्ण निषिद्ध: मेलेल्या माणसाला परत घडवणं.

रिसेंबूल नावाच्या खेड्यातले एडवर्ड आणि अल्फोन्स एल्रिक हे दोन लहान भाऊ नेमकं तेच करायला जातात. वडील घर सोडून गेलेले, आई आजारपणात वारलेली, आणि पोरांच्या हाती वडिलांची पुस्तकं. प्रयोग फसतो. एडचा डावा पाय जातो, अलचं अख्खं शरीर जातं. धाकट्या भावाचा जीव तरी राहावा म्हणून एड आपला उजवा हात देऊन त्याचा आत्मा कोपऱ्यातल्या एका रिकाम्या चिलखताला जोडतो. पुढे एड धातूचा हात-पाय बसवून घेतो, बाराव्या वर्षी सरकारी, म्हणजे लष्कराच्या चाकरीतल्या, किमयागाराची परीक्षा पास होऊन ‘फुलमेटल’ हा किताब मिळवतो, आणि दोघं आपली शरीरं परत मिळवण्याचा मार्ग शोधत देशभर फिरू लागतात.

हे सगळं सुरुवातीलाच कळतं, तेव्हा मी काही फोडून सांगितलेलं नाही. याहून जास्त माहिती घेऊन वाचायला बसू नका. विशेषतः कुठल्याही पात्राचं नाव इंटरनेटवर शोधायचं नाही. नाव अर्धं टाइप केलं की खाली आपोआप येणाऱ्या सूचनांमध्येच कोण जगतं आणि कोण मरतं ते लिहिलेलं असतं.

आणखी एक खबरदारी, ही फारसं कोणी सांगत नाही. खंडाची शेवटची पानं आधी चाळू नका. अराकावा प्रत्येक खंडाच्या अखेरीस चार चौकटींच्या छोट्या गमती देतात, आणि त्या खंडात मेलेली पात्रं स्वर्गाकडे निघाली आहेत अशी चित्रंही काढतात. वाचून झाल्यावर ती बघताना हसू येतं आणि आत काहीतरी हलतंही. आधी बघितलीत तर पुढचा सगळा खंड वाया.

पहिली चार प्रकरणं: हसा, पण लक्ष देऊन

पहिल्या प्रकरणात भाऊ लिओर नावाच्या वाळवंटी गावात एका खाण्याच्या टपरीवर बसलेले आहेत. रेडिओवर गावच्या धर्मगुरूचं प्रवचन चालू आहे. उठताना अलचं चिलखती डोकं टपरीच्या छपराला लागतं, रेडिओ खाली पडून फुटतो, मालक ओरडतो. अल शांतपणे जमिनीवर खडूने वर्तुळ काढतो आणि रेडिओ होता तसा करून देतो. मग लोकांच्या लक्षात येतं की हे ते प्रसिद्ध एल्रिक बंधू. सगळे जण चिलखताभोवती गोळा होतात, कारण ‘फुलमेटल’ हा किताब चिलखतवाल्याचाच असणार ना! अल सांगतो, मी नव्हे, तो. लोक त्या बुटक्या पोराकडे बघतात, आणि एड पेटतो.

हा विनोद पुढे कितीतरी वेळा येतो. पण तो कशावर उभा आहे ते बघा. त्या चिलखतात कोणी नाही. सगळ्यांचं लक्ष वेधून घेणारी ती भव्य आकृती म्हणजे एका लहान मुलाच्या हरवलेल्या शरीराची जागा आहे. आपण ज्यावर हसलो तीच या गोष्टीतली सर्वांत मोठी जखम, हे काही पानांतच कळतं. एडच्या उंचीवरच्या चिडचिडीचंही तसंच. ती निव्वळ गंमत समजून पुढे जाल, पण तिच्याकडे लक्ष असू द्या. दूध न पिण्याच्या हट्टाकडेही. एवढंच सांगतो.

यूसवेलच्या खाणीचं तिसरं प्रकरण मला या सुरुवातीतलं सर्वांत पक्कं वाटतं. कोळशाच्या खाणीवरचं गरीब गाव, वरच्यांना पैसे चारून जागा मिळवलेला योकी नावाचा लष्करी अधिकारी, आणि त्याच्या करांनी पिचलेले कामगार. एड सरकारी किमयागार आहे हे कळताच गावकरी त्याला खानावळीतून बाहेर फेकतात. अल सरकारी नोकरीत नाही, म्हणून त्याला आत जागा. बाहेर उपाशी बसलेल्या मोठ्या भावाला अल आपल्या वाटचं ताट गुपचूप आणून देतो. नीट पाहा, अलला तर खाताच येत नाही. आपण एडच्या फजितीला हसत असतो, आणि तेवढ्यात तीन गोष्टी डोक्यात बसलेल्या असतात: लोक लष्कराचा किती तिरस्कार करतात, एडने शरीरासाठी कोणाची चाकरी पत्करली आहे, आणि अलचं रोजचं जगणं कसं आहे. पुढे एड त्या योकीला ज्या युक्तीने धडा शिकवतो ती वाचण्यातच मजा आहे. योकीचं नाव मात्र लक्षात ठेवा. ही लेखिका क्षुल्लक वाटणाऱ्या माणसालाही सहसा वाऱ्यावर सोडत नाही.

चौथं प्रकरण आगगाडीच्या अपहरणाचं. ते वेगवान आहे, एका बैठकीत उरकेल.

पाचवं प्रकरण

इथे थांबून सांगावं लागतं. भाऊ संशोधनासाठी शू टकर नावाच्या किमयागाराच्या घरी जातात. त्याची नीना नावाची छोटी मुलगी आहे, आणि अलेक्झांडर नावाचा भला मोठा कुत्रा. कुत्रा एडवर उडी मारतो आणि एड त्याच्याखाली पार सपाट होतो. मुलं खेळतात, अंगणात धावतात. पान हसरं आहे.

पुढे काय होतं ते सांगणार नाही. हे प्रकरण रात्री झोपताना वाचू नका, आणि वाचून झाल्यावर लगेच पुढचं उघडू नका, एवढंच म्हणेन. घरात लहान मुलं किंवा मुका जीव असेल तर जास्तच लागेल. किमया या शब्दाला तोवर चिकटलेली जादूची चमक इथे उतरते. शास्त्र हातात असलेला माणूस स्वतःची नोकरी टिकवायला कुठवर जाईल, हा प्रश्न समोर येतो, आणि मालिका शेवटपर्यंत तो सोडत नाही.

काही वाचक इथेच पुस्तक मिटतात. त्यांना मी आग्रह करत नाही. पण ‘आता पुढे सगळं असंच असणार’ या भीतीने मिटत असाल तर थांबा. इतकी क्रूर जागा वारंवार येत नाही, आणि भाऊ ती विसरूनही जात नाहीत. नीनाचं नाव पुढे पुन्हा पुन्हा येतं. दुःख दाखवून वाचकाला धक्का द्यायचा आणि पुढच्या गावी निघायचं, असा हलकेपणा या मालिकेत नाही.

विनोद कसा वाचायचा

चित्रांकडे बघा. गंभीर प्रसंगात चेहऱ्यांना सावल्या असतात, हाडं दिसतात, डोळ्यांत बारकावे असतात. विनोद आला की तीच माणसं एकदम बुटकी, गोल डोक्याची, दोन ठिपक्यांच्या डोळ्यांची होतात. हे मांगातलं जुनं तंत्र आहे. अराकावा ते कुठे वापरतात आणि कुठे हात आवरतात, ते बघण्यासारखं आहे.

अलच्या बाबतीत तर त्यांनी कमालच केली आहे. चिलखताला चेहरा नाही. ओठ हलत नाहीत, भुवया नाहीत. तरी अल घाबरला, लाजला, रुसला, हे एका नजरेत कळतं. कधी मान झुकते, कधी खांदे पडतात, कधी डोळ्यांचे प्रकाशबिंदू मोठे गोल होतात, कधी बाजूला घामाचा एक थेंब येतो. आणि जेव्हा त्याला खरंच आतून काही लागतं, तेव्हा अराकावा यातलं काहीच वापरत नाहीत. नुसतं लोखंड आणि दोन पोकळ डोळे. अशा चौकटीवर थोडं रेंगाळा.

काही पात्रांचे ठरलेले विनोद आहेत. मेस ह्यूज हा अधिकारी कामाच्या फोनवरही स्वतःच्या मुलीचं कौतुक सांगत बसतो आणि दिसेल त्याला तिचे फोटो दाखवतो. मेजर आर्मस्ट्राँग शर्ट फाडून पिळदार अंग दाखवतो आणि आपल्या घराण्याची परंपरा सांगतो. विन्री, एडचे धातूचे अवयव बनवणारी बालमैत्रीण, पाना फेकून मारते. अल रस्त्यावरची मांजराची पिल्लं चिलखताच्या पोटात लपवतो. लिंग याओ हा परदेशी राजपुत्र भुकेने कुठेही आडवा होतो. एडच्या गुरू इझुमी कर्टिस यांना ‘तुम्ही आहात तरी कोण?’ असं कोणी विचारलं की त्या ठणकावून सांगतात, साधी गृहिणी! आणि भर मारामारीत त्यांच्या तोंडातून रक्त येतं, तेही सुरुवातीला गमतीच्या सुरात.

यांतल्या जवळपास प्रत्येक विनोदाला मुळं आहेत. इझुमी यांना रक्त का येतं, हे कळल्यावर आधीची पानं पुन्हा उघडून बघावीशी वाटतात. आर्मस्ट्राँगच्या डोळ्यांतलं पाणी आधी हास्यास्पद वाटतं, नंतर नाही. म्हणून सांगतो, विनोदी पानावर ‘हे गोष्टीला लागू नाही’ असं मनात म्हणू नका.

एक मर्यादाही आहे, तीही सांगायला हवी. उंचीवरचा विनोद कधी कधी नको तितका येतो. मासिकात महिन्याला एक प्रकरण वाचणाऱ्याला तो खटकला नसेल, पण सलग वाचताना जाणवतो. एका बैठकीत तीन-चार प्रकरणांपेक्षा जास्त वाचू नका, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

हे सगळं येतं कुठून

वाचायला घेण्याआधी लेखिकेबद्दल थोडं माहीत असलं तर मालिकेचा सूर लवकर पकडता येतो. अराकावा यांचा जन्म १९७३ साली जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, तोकाची भागात, दुधाचा व्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात झाला. शाळा संपल्यावर सात वर्षं त्यांनी घरच्या शेतावर काम केलं आणि मग चित्रकथांसाठी तोक्यो गाठलं. स्वतःचं चित्र काढताना त्या आजही चष्मा लावलेली गाय काढतात. काम केल्याशिवाय ताटात काही पडत नाही, हा शेतावरचा रोजचा अनुभव मालिकेतल्या मोबदल्याच्या नियमामागे आहे, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

पाचव्या-सहाव्या खंडात हे अगदी जवळून दिसतं. इझुमी दोन्ही भावांना, ते लहान असताना, एका निर्जन बेटावर महिनाभरासाठी सोडून देतात. सोबत एक सुरी, आणि एक कोडं: ‘एक म्हणजे सर्व, सर्व म्हणजे एक’. किमया वापरायची नाही. मुलांच्या हाती ससा लागतो, पण मारायला हात धजत नाही. तेवढ्यात कोल्हा तो पळवतो. रागाने मागे गेलेल्या पोरांना कोल्ह्याची पिल्लं दिसतात. शेवटी भुकेने आडवा पडलेला एड अंगावर चढणारी मुंगी तोंडात टाकतो, आणि ती आंबट लागते. त्या आंबट चवीपासून विचार करत करत तो कोड्याच्या उत्तराशी पोचतो. मी खाल्लं नाही तर मी मरेन, मग मला मुंग्या खातील, माती खाईल, त्यातून गवत येईल, ते ससा खाईल. एखाद्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हे आलं असतं तर जड झालं असतं. इथे रडकुंडीला आलेली दोन पोरं आहेत, मुखवटा घालून त्यांना बडवणारा एक गडी आहे, आणि जनावरं रोज पाहिलेल्या बाईची नजर आहे. जगणं आणि मरणं एकाच गोठ्यात पाहिलेल्या माणसालाच असं लिहिता येतं.

कुठे वेग कमी करायचा

आठव्या खंडाच्या आसपास पूर्वेकडच्या शिंग देशातली मंडळी येतात आणि पात्रांची संख्या एकदम वाढते. लग्नघरात ऐन वेळी आलेल्या पाहुण्यांसारखी कोण कोणाचं हे कळेनासं होतं. त्यावर सोपा उपाय: एका कागदावर चार रकाने करा. लष्कर, शिंगचे लोक, होमुन्क्युलस, आणि इश्वाल या जिंकून घेतलेल्या प्रदेशाशी संबंध असलेले. नवीन नाव आलं की त्यात टाका. होमुन्क्युलस म्हणजे कृत्रिमरीत्या घडवलेले, माणसासारखे दिसणारे सात जण, सात पापांची नावं घेतलेले. त्यांतले काही पहिल्या खंडापासूनच सावलीत उभे आहेत. कागदावर खाडाखोड करत वाचायलाही मजा येते, कारण ही माणसं आपला रकाना बदलतात.

पंधरावा खंड वेगळा ठेवा. तो जवळजवळ पूर्ण भूतकाळात घडतो. इश्वाल हा अमेस्ट्रिसने गिळंकृत केलेला वाळवंटी प्रदेश. तिथल्या लाल डोळ्यांच्या, वेगळ्या धर्माच्या लोकांचा लष्कराने संहार केला, आणि सरकारी किमयागारांना हत्यार म्हणून वापरलं. ज्या अधिकाऱ्यांवर आपण चौदा खंड प्रेम केलं, तेच इथे गोळ्या झाडताना दिसतात. हे रंगवण्याआधी अराकावा यांनी दुसऱ्या महायुद्धात लढून आलेल्या वृद्धांशी बोलून त्यांचे अनुभव ऐकले होते. शिवाय त्यांचे पूर्वज ज्या होक्काइदोवर शेती करायला गेले, ती मूळ ऐनू लोकांची भूमी. हे भान मालिकेत आहे, आणि म्हणून इथे सोपा खलनायक मिळत नाही.

या खंडात विनोद जवळजवळ बंद होतो. बुटकी गोल डोकी नाहीत, फोटो दाखवणं नाही. इतके खंड सोबत असलेला हसरा सूर नाहीसा झाला की किती गुदमरायला होतं, ते इथे कळतं. हा खंड एका दमात वाचा आणि त्या दिवशी दुसरं काही वाचू नका.

सोळाव्यापासून गोष्ट उत्तरेच्या बर्फातल्या ब्रिग्ज किल्ल्याकडे वळते, आणि तिथली सेनापती ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग आल्यावर विनोदही वेगळ्या धाटणीने परततो. शेवटचे पाच-सहा खंड एका निर्णायक दिवसाभोवती फिरतात. ते सुट्टीच्या दिवसांसाठी राखून ठेवा, मध्ये थांबवत नाही.

ॲनिमे कधी बघायचा

दोन आहेत, आणि दोन्ही बोन्स या स्टुडिओचे. पहिला २००३-०४ चा, ५१ भागांचा. तेव्हा मांगा अर्धवट होती, म्हणून मध्यानंतर तो स्वतःची वेगळी वाट धरतो आणि वेगळ्याच शेवटाला पोचतो. तो जास्त उदास आहे. दुसरा ‘ब्रदरहूड’, २००९-१० चा, ६४ भागांचा. तो मांगाला धरून शेवटपर्यंत जातो.

सगळीकडे ‘ब्रदरहूड’पासून सुरुवात करा असा सल्ला मिळतो. माझा सल्ला वेगळा आहे: आधी मांगा. ‘ब्रदरहूड’ सुरुवातीला फार घाई करतो. पहिला भाग तर मांगात नसलेल्या एका किमयागारावर बेतलेला आहे, आणि त्यात पुढची बरीच पात्रं ओळख करून न देता एकदम समोर येतात. यूसवेलच्या खाणीचं प्रकरण मूळ जागी येतच नाही. म्हणजे ज्या निवांत, हसऱ्या पानांवर माणसं आपली होतात, नेमकी तीच कातरली गेली आहेत. मांगा वाचून मग ‘ब्रदरहूड’ बघितलात तर उत्तरार्धातली युद्धं, आवाज, संगीत यांचा आनंद पुरेपूर मिळेल. २००३ चा ॲनिमे सर्वांत शेवटी, वेगळी गोष्ट म्हणून बघा. टकरच्या घरातले दिवस त्यात सावकाश दाखवले आहेत, आणि त्यामुळे ते आणखी सोसवत नाहीत.

मुलांना द्यायची का

तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना जरूर द्या, पण आधी पहिली १२ प्रकरणं स्वतः वाचा. रक्त आहे, अवयव तुटतात, युद्धातली हत्या आहे. ओंगळपणा मात्र नाही, आणि बाईमाणसं शोभेला ठेवलेली नाहीत. विन्री आपल्या कामात वाकबगार आहे, लष्करी अधिकारी रिझा हॉकायचा नेम आणि निर्णय दोन्ही पक्के आहेत. पाचवं प्रकरण मुलाने वाचलं की त्या दिवशी त्याच्याजवळ बसा. ‘असं का केलं त्याने?’ हा प्रश्न येईल, आणि त्यावर घरात बोलणं झालं तर फार चांगलं.

२७ खंड संपल्यावर

लगेच दुसरी काल्पनिक युद्धकथा हातात घेऊ नका, ती फिकी वाटेल. अराकावा यांचीच ‘सिल्व्हर स्पून’ घ्या. त्यात किमया नाही, राक्षस नाहीत. होक्काइदोच्या एका कृषी विद्यालयात आलेला शहरी मुलगा आहे. गोठ्यातल्या सर्वांत अशक्त डुकराच्या पिल्लाला तो एका खाद्यपदार्थाचं नाव देतो, जीव लावून वाढवतो, आणि ते कत्तलखान्यात जाणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्यानंतर जादू आणि तलवारी परत हव्याशा वाटल्या तर त्यांची २०२१ च्या अखेरीस सुरू झालेली ‘योमी नो त्सुगाई’ आहे. तीही ‘शोनेन गांगान’मध्येच, आणि तिथे जुळी भावंडं आहेत.